बाहेरून येऊन मराठवाड्यात संपादक व्हायचं असेल तर

हैदराबाद, इंदूर किंवा पाटण्याहून छत्रपती संभाजीनगरात येऊन मराठी दैनिकात पुढे जायचं असेल, तर पहिलं वर्ष शहरात घालवू नका. बीड किंवा जालना जिल्ह्यातला एखादा तालुका मागून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ डेस्क सुधारून देतं, गावचा शब्द चुकला तर तो तसाच छापला जातो. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. 50 कोयते कारखान्यावर गेले म्हणजे 100 माणसं गेली. 'उचल' म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम. तिला मजुरी लिहिलंत तर बातमीचा अर्थच फिरतो.

खरी परीक्षा मात्र पाण्याच्या बातमीत होते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा 76.65 टीएमसी (अब्ज घनफूट), मृतसाठा, म्हणजे कालव्यात सोडता न येणारं तळाचं पाणी, सुमारे 26. टक्केवारी उपयुक्त साठ्यावरच काढायची. मृतसाठा मिळवून काढलीत तर शून्य टक्क्यांवरचं धरण 'पाव भरलेलं' छापलं जाईल, आणि पैठणचा वाचक ते विसरणार नाही. आकडे कधी दलघमीत (दशलक्ष घनमीटर) येतात, कधी टीएमसीत: 1 टीएमसी म्हणजे 28.32 दलघमी. आवक क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, सांगतात. 11,574 क्युसेक सलग 24 तास आले की 1 टीएमसी होतं. गोदावरीच्या पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी 2014 च्या आदेशाने जायकवाडीतला 15 ऑक्टोबरचा साठा आणि 65 टक्क्यांची रेषा धरली: साठा त्याखाली असेल तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. नगर-नाशिकशी वाद तिथूनच पेटतो, म्हणून ऑक्टोबरात रजा घेऊ नका.

पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा महसूल खात्याचा अंदाज, 50 पैशांखाली आली की लगेच 'दुष्काळ जाहीर' असा मथळा देऊ नका. दुष्काळ शासन जाहीर करतं.

दुसऱ्या वर्षी रात्रपाळी मागा. ती कुणाला नको असते, पण अंक कसा उभा राहतो ते तिथेच कळतं. लांबच्या तालुक्यांची पानं आधी सुटतात, शहराची शेवटी. अपघातातले मृत तीनाचे पाच झाले, तर आकडा मथळ्यात, फोटोओळीत आणि आतल्या पानावरच्या उर्वरित मजकुरात असा तिन्ही ठिकाणी बदलायचा. उर्वरित मजकूर हमखास राहून जातो.

गुन्ह्याच्या पानावर भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आणि पॉक्सोचं (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) कलम 23 पाठ हवं: दोन्ही पीडितांची ओळख उघड करण्याविरुद्ध आहेत. पीडितेचं नाव गाळलं, पण गाव, वडिलांचं दुकान आणि शाळेची इयत्ता छापली, तर छोट्या गावात ती अर्ध्या तासात ओळखली जाते. असं पान रात्री 12 वाजताही थांबवायला हवं. थांबवणाऱ्याकडे पुढे वृत्तसंपादकपद येण्याची शक्यता जास्त.

त्यानंतरचं काम माणसांचं. अनेक तालुका वार्ताहरांचं घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, त्यामुळे बाजार समितीविरुद्धची बातमी त्यांच्याकडून उशिरा येते किंवा येतच नाही. त्यांना रागावून उपयोग नाही. अशी बातमी जिल्हा कार्यालयातल्या बातमीदाराच्या नावाने लावा आणि वार्ताहराचं मानधन वाढवण्यासाठी व्यवस्थापनाशी भांडा. संपादक म्हणून अंकावर तुमचं नाव छापलं जाऊ लागलं की मजकुराच्या निवडीला कायद्याने तुम्हीच उत्तरदायी. तालुक्यातून आलेल्या प्रत्येक आरोपाचा कागद त्याआधीच मागायची सवय लावा.