सोमवारी लघवीची टेस्ट द्यायचीय, त्याआधी एवढं करा

मामाच्या आजाराचं नाव आता नक्की झालंय, अल्पोर्ट. म्हणजे किडनीच्या गाळणीत जे कोलॅजन (पडद्याला बळकटी देणारं प्रोटीन) लागतं तेच जन्मापासून कच्चं, आणि कानातही तेच असतं म्हणून मामाला कॉलेजपासून कानाचं मशीन, आपण मात्र इतकी वर्षं फटाक्यांनी झालं असेल म्हणत बसलो. त्याचा प्रकार एक्स क्रोमोसोमवरचा, बापाचा एक्स फक्त मुलींना मिळतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही मुलींकडे तो आलेलाच आहे, मुलाकडे बापाकडून येत नाही, आणि आपल्या आया मामाच्या सख्ख्या बहिणी म्हणजे आपण भाचरंही रांगेत.

दादा, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) ०.९ आलंय म्हणून तू सुटू नकोस. ते वर सरकेपर्यंत किडनीचं निम्मं काम गेलेलं असू शकतं. या आजारात आधी लघवीत रक्त जातं, तेही डोळ्याला न दिसणारं, मग थोडंथोडं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) गळायला लागतं, क्रिएटिनिन सगळ्यात शेवटी. म्हणून चिठ्ठीवर युरिन एसीआर (क्रिएटिनिनच्या प्रमाणात अल्ब्युमिन किती) आणि युरिन मायक्रोस्कोपी (मायक्रोस्कोपखाली रक्तपेशी दिसतात का) असं दोन्ही लिहून घ्या. मागच्या वर्षी मी नुसतं लघवी तपासायचीय म्हटलं तर एका लॅबने पट्टी बुडवून प्रोटीन निल लिहून दिलं, आणि इतकं कमी अल्ब्युमिन साध्या पट्टीला दिसतच नाही हे मला नंतर कळलं.

डबी शनिवारीच आणून ठेवा. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची, आणि नाव झाकणावर नाही, डबीवर लिहा, आमच्या घरच्या तीन डब्या एकाच पिशवीत जाणारेत आणि झाकणं बदलायला वेळ लागत नाही. नाशिकरोडवाल्यांनो, द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकणार हे धरूनच निघा, उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको, आणि मावशीला आधी सांगून ठेवा).

रविवारी पांडवलेणी चढणं, जिम, सगळं बंद, दमछाक झाली की अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. ताप, लघवीला जळजळ किंवा पाळी असेल तर सरळ पुढची तारीख घ्या. मिसळ खा, पण रात्री मटण नको, रक्तही तपासायला देणार असाल तर क्रिएटिनिन उगाच चढतं. कंबरदुखीच्या, बीपीच्या ज्या गोळ्या चालू असतील त्यांची पाकिटंच डॉक्टरांना दाखवा, मनाने काही बंद करू नका.

रिपोर्टमध्ये लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाल्याची खूण. पण एका रिपोर्टवर रडारड नको, तीन महिन्यांत परत करायची, तीनपैकी दोन वाढलेले आले तरच खरं. आणि चांगलं आलं तरी दरवर्षी करायचीच, मुलींनीसुद्धा.

मामाच्या जीन टेस्टची झेरॉक्स प्रत्येकाने सोबत न्या, नेमका बिघाड कुठे आहे ते त्यात लिहिलंय, म्हणजे आपल्याला सगळं शोधत बसावं लागणार नाही, तेवढी एकच जागा तपासून भागेल.