तंबू शेवटी घ्या: पहिल्या कॅम्पिंगचं सामान कसं जमवावं

पहिल्या मुक्कामाला माझ्याकडे झकास तंबू होता. दोन महिने बघून, चार जणांना विचारून घेतलेला. आणि त्या झकास तंबूत मी पहाटे तीन वाजता सॅकमधले सगळे कपडे अंगावर चढवून, रिकामी सॅक पाठीखाली सारून उजाडायची वाट बघत होतो. वारा आत येत नव्हता, पाऊसही नव्हता. थंडी खालून येत होती.

नवखा माणूस खरेदीची सुरुवात तंबूपासून करतो, कारण कॅम्पिंग म्हटलं की डोळ्यासमोर तंबूच येतो. माझं ऐकाल तर उलटं करा. आधी अंगाखालचं बघा, मग अंगावरचं, मग डोक्यावरचं. पहिल्या एक-दोन मुक्कामांना तंबू उसना किंवा भाड्याने आणला तरी भागतं.

१. मॅट

झोपल्यावर स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने चेपतो. ऊब धरून ठेवते ती बॅगेच्या भरावात अडकलेली हवा. भराव चेपला की हवा गेली आणि ऊब जमिनीत. म्हणून बॅग कितीही महाग असली तरी खाली मॅट हवीच.

मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’ नावाचा आकडा असतो. तो जितका मोठा, तितकी ऊब जमिनीत कमी जाते. उबदार रात्रींना २ च्या आसपास पुरतो, गारठ्यात ३ ते ४ हवा, बर्फावर झोपायचं तर ५ च्या वर. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते, हे मला फार उशिरा कळलं. फुगवायची मॅट मऊ असते, पण एका काट्याने संपते. पहिली मॅट घडीच्या फोमचीच घ्या. दिसायला गबाळी, पण ती पंक्चर होत नाही, आणि दिवसा बसायलाही उपयोगी पडते.

२. स्लीपिंग बॅग

बॅगवर बहुतेक वेळा दोन तापमानं छापलेली असतात, ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. ठळक अक्षरात असतो तो पुष्कळदा लिमिटचा आकडा, आणि तिथेच आपण फसतो. लिमिट म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निघेल ते तापमान. तुम्ही कम्फर्टचा आकडा बघा, आणि जिथे जाताय तिथल्या रात्रीच्या अंदाजापेक्षा तो चार-पाच अंशांनी खाली असू द्या. उंचावर जाणार असाल आणि अंदाज पायथ्याचा असेल, तर त्यातून चढाईच्या दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश वजा करायची सवय लावा.

पिसांची बॅग हलकी आणि उबदार, पण भिजली की तिचा लगदा होतो. कृत्रिम भरावाची बॅग जड असते, मात्र ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. सुरुवातीला दुसरी बरी, कारण सुरुवातीला सामान भिजतंच.

झोपायचे मोजे वेगळे ठेवा. दिवसभर चाललेले मोजे हाताला कोरडे लागले तरी घामाने दमट असतात. कपडे निवडतानाही सुती टाळा. सुती कापड पाणी धरून बसतं आणि अंगातली ऊब खात राहतं.

३. आता तंबू

‘दोन माणसांचा’ तंबू म्हणजे सामान बाहेर ठेवणारी, एकमेकांवर जीव असलेली दोन माणसं. दोघांना तीन जणांचा घ्या. दोन पदरी असावा, म्हणजे आत जाळीची खोली आणि वर पाणी अडवणारं कापड. कापड किती पाणी अडवतं ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. वरच्या कापडाला १५०० ते ३००० मिमी असलं की साध्या पावसाला पुरतं.

दुसऱ्या मुक्कामाला थंडीच्या धास्तीने मी तंबूच्या सगळ्या झडपा, सगळ्या चेन गच्च लावल्या. सकाळी छताला थेंब लोंबत होते आणि स्लीपिंग बॅग ओलसर. तंबू गळतो असं ठरवून घरी आल्यावर मी अख्खी संध्याकाळ शिवणींवर सीलर फासत बसलो. पुढच्या खेपेला पुन्हा थेंब, तेही आभाळ स्वच्छ असताना. ते पाणी आमच्या श्वासाचं होतं. बाहेरच्या थंड कापडाला लागून वाफेचं दव झालेलं. तेव्हापासून कितीही थंडी असो, वरच्या झडपा उघड्या ठेवतो.

तंबूखाली प्लॅस्टिक अंथरत असाल तर ते तळापेक्षा थोडं आखूड ठेवा. कडा बाहेर आल्या की पावसाचं पाणी त्यावर साचतं आणि सरळ तुमच्या पाठीखाली येतं.

४. घरीच रंगीत तालीम

अंगणात, गच्चीवर, मैदानात, कुठेही तंबू एकदा उभा करून बघा. नंतर तोच तंबू पुन्हा, दिवे बंद करून, फक्त हेडलॅम्पवर, म्हणजे डोक्याला बांधायच्या दिव्यावर. कुठली काठी कुठे जाते हे अंधारात हातांना माहीत असलं पाहिजे. वरून पाणी मारून बघा. मेखा मोजा.

मेख सरळ उभी ठोकू नका. तिचं डोकं तंबूपासून लांब कलू द्या, साधारण ४५ अंशांत, म्हणजे दोरी ताणली तरी ती उपटत नाही. जमीन खडकाळ असेल तर दोरीचं टोक एका काठीच्या मधोमध बांधा, काठी आडवी ठेवा आणि तंबूच्या बाजूने दोरीवर, काठीला टेकवून, जड दगड ठेवा. दोरी ओढली की काठी दगडाला अडते. गच्चीवरही हीच युक्ती चालते.

५. जागा

उजेड जायच्या दोन तास आधी पोहोचा. खोलगट जागा दिसायला आडोशाची वाटते, पण थंड हवा जड असते, ती रात्री तिथेच उतरते. पाऊस आला तर पाणीही तिथेच. कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीच नाही. वर बघा, वाळलेली फांदी असेल तर सरका. मग तंबू सॅकमधून बाहेर काढण्याआधी त्या जागेवर पाच मिनिटं आडवे व्हा. मुळं, खडे, उतार सगळं पाठ सांगते.

६. चूल

तंबूच्या आत स्टोव्ह नाही, शेगडी नाही, निखारे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. यात ‘थोडा वेळ फक्त’ असं काही नसतं.

बाकी सोपं आहे. स्टोव्हचा नुसत्या ब्यूटेन गॅसचा सिलिंडर शून्य अंशांच्या आसपास मान टाकतो, थंडीत प्रोपेन मिसळलेला घ्या. ओढ्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

७. सॅक भरणं

सॅकच्या आत आधी एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सगळं तिच्यात भरा. सॅकवरचं कव्हर वाऱ्याने सरकतं, पाठीकडून पाणी शिरतं. जड वस्तू पाठीला लागून मधल्या उंचीवर, झोपायचं सामान तळाला, हेडलॅम्प आणि रेनकोट अगदी वर. हेडलॅम्प सॅकमध्ये आपोआप चालू होतो आणि पोहोचेपर्यंत मरतो. एक सेल उलटा घालून ठेवला की हा प्रश्नच मिटतो. पट्टा कंबरेच्या हाडावर आवळा, वजन तिथे बसलं पाहिजे. खांदे फक्त सॅक मागे झुकू देत नाहीत.

कुऱ्हाड नेऊ नका. मी तीन वेळा नेली आणि काहीही तोडलं नाही.

८. परतल्यावर

घरी आल्यावर दमलेले असाल, तरी तंबू त्याच दिवशी उघडून वाळत घाला. स्लीपिंग बॅग दाबून भरलेल्या पिशवीतून काढून सैल ठेवा, नाहीतर भराव कायमचा बसतो. मी एकदा ओला तंबू ‘उद्या बघू’ म्हणून कपाटावर टाकला आणि तीन आठवड्यांनी काढला. आतून काळे ठिपके पडले होते, कापडाचा लेप चिकट झाला होता. दोनदा धुतला, उन्हात घातला. वास अजून आहे.