दुर्बिणीच्या खोलीतलं पहिलं वर्ष

मिरज-सांगलीकडं छातीविकारात रेसिडेंट म्हणून रुजू होणाऱ्यांसाठी लिहितोय. रेडियल ईबस (दुर्बिणीतून श्वासनलिकेच्या आत जाऊन करायची सोनोग्राफी) हे नाव ऐकून मला वाटलं होतं, सोनोग्राफीत गाठ बघायची आणि पडद्यावर बघत बघतच चिमटा मारून तपासणीचा तुकडा घ्यायचा. ते सुख लिनिअर ईबसमध्ये, म्हणजे त्याच्या दुसऱ्या प्रकारात. तिथं श्वासनलिकेलगतच्या गाठीत सुई शिरताना दिसते. फुफ्फुसाच्या कडेच्या गाठीला मात्र रेडियलची १.४ मिलिमीटरची प्रोब (सोनोग्राफीची बारीक सळई) आत घालून जागा हेरायची आणि प्रोब बाहेर काढायची, कारण चिमटा त्याच वाटेनं जायचा असतो. मागं राहते फक्त गाइड शीथ, बारीक नळी. ती धरायचं काम बहुधा नव्या रेसिडेंटकडं येतं. पेशंट खोकला, हात हलला, की जागा गेली.

निरोगी फुफ्फुस पडद्यावर पांढरं दिसतं. पुस्तकात त्याला हिमवादळ म्हणतात. आम्ही जतची माणसं, हिमवादळ कुठलं बघायला! केबल गेल्यावर टीव्हीवर मुंग्या येतात, तसं समजा. त्यात काळपट डाग आला की गाठ. डाग चहूबाजूंनी असेल तर प्रोब गाठीच्या पोटात आहे. एकाच बाजूला असेल तर नुसती कडेला टेकलीय. तेव्हा चिमट्याची घाई नको, श्वासनलिकेची शेजारची फांदी धुंडाळा. त्यासाठी आदल्या रात्री सीटी बघून फांद्यांचा रस्ता कागदावर काढून ठेवा.

लिग्नोकेनचा, म्हणजे बधिर करायच्या औषधाचा, हिशेब फळ्यावर मांडा. किलोमागे ८.२ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ४१०. घशातला स्प्रेही त्यातच धरायचा. तो धरायचं हमखास राहून जातं.

माझी चूक गाठ सापडल्यानंतरची. आटपाडीकडचे एक मामा, चाळीस वर्षं बिडी, सगळ्यांनी कॅन्सरच धरलेला. सहा तुकडे छान आले. मी सहाही फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवायच्या औषधात टाकले. रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा आला, म्हणजे टीबीसारख्या आजारात दिसणारा सुजेचा पुंजका. टीबीची शंका, पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पाठवायला काहीच उरलं नव्हतं.

"परत नळी घालणार?" मामांनी एवढंच विचारलं. सर काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून पेशंट टेबलावर यायच्या आधी दोन बाटल्या तयार ठेवतो, एक फॉर्मॅलिनची, एक साध्या सलाईनची, वेगवेगळ्या ट्रेमध्ये. नावाच्या पट्ट्या मीच लिहितो. मामांच्या दुसऱ्या खेपेला सलाईनच्या बाटलीतच टीबी सापडला.