थँक्सगिव्हिंगचा पम्पकिन पाय: लाडक्या माणसासाठी, आदल्या दिवशी

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा सण, जवळ आला की इकडे अमेरिकेत दुकानात शिरल्या शिरल्या पम्पकिनच्या, म्हणजे भोपळ्याच्या गराच्या, डब्यांचे ढीग दिसायला लागतात आणि तयार पाय (मैद्याच्या पारीत गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) पण स्वस्तात मिळतो, तरी मी म्हणेन की ज्याच्यासाठी करायचाय तो माणूस खरंच लाडका असेल तर घरीच करा. विकतच्या पायमध्ये मसाला सगळ्यांना चालेल असा बेताबेताने घातलेला असतो, घरी आपल्याला माहिती असतं की समोरच्याला सुंठ आवडते की जायफळ, गोड किती लागतं, अंडं चालतं का. आमच्याकडे सासूबाई थंडीत येऊन राहतात आणि मी पम्पकिन परतत असले की मागून हमखास आवाज येतो, "जायफळ सढळ हाताने घाल गं." त्यामुळे आमचा पाय जायफळाच्या वासाचाच.

पहिली गोष्ट, हा बुधवारी करायचा. गुरुवारी ओव्हन टर्कीने (सणाला अख्खा भाजतात तो मोठा पक्षी) किंवा बाकीच्या पदार्थांनी अडलेला असतो, शिवाय पाय नीट सेट व्हायला वेळ लागतो आणि मसाला रात्रभर मुरला की चव खूप छान लागते. आणि मुख्य म्हणजे सणाच्या दिवशी तुम्ही किचनमध्ये न अडकता त्या माणसाजवळ बसू शकता.

आता क्रस्ट, म्हणजे पायची खालची मैद्याची पारी. १६० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, १ चमचा साखर आणि ११५ ग्रॅम बटर, म्हणजे इकडची एक स्टिक. अमूलचं खारं बटर असेल तर मीठ घालू नका. बटर फ्रीजमधून काढलेलं, एकदम घट्ट हवं, त्याचे छोटे तुकडे करून मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे पण पूर्ण मिसळायचे नाहीत, मटारच्या दाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत, कारण ओव्हनमध्ये हेच बटर वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पापुद्रे वर उचलते. मग बर्फाचं पाणी ३-४ टेबलस्पून, एकेक करत घालायचं, पीठ मुठीत दाबल्यावर गोळा धरलं की थांबायचं. पोळीच्या कणकेसारखं अजिबात मळू नका, मळलं की क्रस्ट चिवट होतो. चपटा गोळा करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून तासभर फ्रीजमध्ये.

तासाने १२ इंचाची, साधारण ३ मिलिमीटर जाड पोळी लाटा आणि ९ इंची खोलगट पाय डिशमध्ये अलगद बसवा, ताणू नका, ताणलेली कड भाजताना हमखास आत सरकते. कडा दुमडून बोटाने चिमट्या काढा (करंजीला मुरड घालता येत असेल तर इथेही घाला, फार सुंदर दिसते!) आणि परत अर्धा तास फ्रीजमध्ये. मग त्यावर बेकिंग पेपर, त्यात काठोकाठ कच्चा राजमा किंवा छोले भरा आणि २०० सेल्सिअस म्हणजे ४०० फॅरनहाइटला २० मिनिटं भाजा. कडधान्य पेपरसकट काढून आणखी ६-७ मिनिटं, तळ कोरडा दिसेपर्यंत. ही पायरी गाळायचा मोह होतो पण गाळू नका, तळ गचगचीत राहतो तो इथेच. डिश काचेची असेल तर थंडगार डिश तापलेल्या ओव्हनमध्ये एकदम ठेवू नका, तडकू शकते, आधी थोडा वेळ बाहेर राहू द्या, किंवा सरळ धातूची डिश वापरा, तळही लवकर भाजतो.

पम्पकिनबद्दल जरा सविस्तर सांगते. डबा घेताना ‘प्युअर पम्पकिन’ लिहिलेलाच घ्या, शेजारीच ‘पाय मिक्स’चा डबा असतो, त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो आणि मग सगळा हिशोब बिघडतो. हॅलोविनला कोरतात तो मोठा भोपळा पण नको, पाणचट आणि रेषाळ असतो. भारतात करत असाल तर आपला लाल भोपळा उत्तम, घारग्यांना घेतो तोच, पिकलेला आणि गर्द केशरी बघून घ्या. साधारण किलोभर घेऊन मोठ्या फोडी करून ओव्हनमध्ये मऊ होईपर्यंत भाजा, कुकरमध्ये शिजवलात तर पाणी फार सुटतं. गर काढून मिक्सरला लावा आणि फडक्यात बांधून थोडा वेळ टांगून ठेवा. आपल्याला ४२५ ग्रॅम गर हवाय, लहान डब्यात तेवढाच असतो.

हा गर पॅनमध्ये घ्या, त्यात १५० ग्रॅम ब्राऊन शुगर, दीड चमचा दालचिनी पूड, १ चमचा सुंठ, पाव चमचा लवंग पूड, अर्धा चमचा मीठ आणि ताजं किसलेलं जायफळ घाला, जायफळ पाव चमच्यापासून सुरू करून चव बघत वाढवा. लवंगेचा मात्र हात आखडता ठेवा, ती बाकी सगळ्यांना गिळून टाकते. मध्यम आचेवर ५-७ मिनिटं परतत राहायचं, डब्याचा कच्चट वास जातो, गर पॅन सोडायला लागतो, रंग गडद आणि चकचकीत होतो आणि घरभर वास सुटतो. गूळ वापरायचा असेल तर तोही इथेच घाला, पण मग मिश्रण पूर्ण थंड झाल्याशिवाय दूध-क्रीम घालू नका, गरम गुळात दूध फाटू शकतं.

खाली उतरवून कोमट झालं की २४० मिली हेवी क्रीम आणि १२० मिली दूध घाला. भारतात अमूल फ्रेश क्रीमचं २५० मिलीचं पाकीट आणि वर १०० मिली दूध, छान होतं. मग ३ अंडी, आधी वेगळी फोडून फेटलेली. फेस येऊ देऊ नका, नाहीतर वर बुडबुडे राहतात. शेवटी सगळं गाळणीतून गाळा, हा दोन मिनिटांचा उद्योग आहे पण तो रेशमी मऊपणा यातूनच येतो.

कोमट क्रस्टमध्ये ओतून १७५ सेल्सिअस म्हणजे ३५० फॅरनहाइटला ४५ ते ५५ मिनिटं. कडा जास्त लाल व्हायला लागल्या तर फॉइलने झाका. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: पाय पूर्ण घट्ट दिसायची वाट बघू नका! डिश हळूच हलवून बघा, कडेने घट्ट आणि मधला दोन-अडीच इंचाचा भाग जेलीसारखा थरथरतोय, की लगेच बाहेर. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ८० सेल्सिअस. उरलेलं काम आतली उष्णता करते, जास्त ठेवलात तर अंडं आकसतं, पाणी सुटतं आणि वर चिरा पडतात. जाळीवर दोनेक तास निवू द्या, मग फ्रीजमध्ये.

अंडं न खाणाऱ्यांसाठी मी वेगळा करते आणि तो मला तितकाच आवडतो: गर तेवढाच, मसाला तोच, पण साखर आणि दूध-क्रीम दोन्ही बाद, त्याऐवजी कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, ४०० ग्रॅमचा, आणि पाव कप कॉर्नफ्लोअर गुठळ्या न होता मिसळलेलं. परतताना साखरेशिवाय नुसता गर आणि मसाला परतायचा, कंडेन्स्ड मिल्क नंतर घालायचं. भाजायचं १७५ लाच, तासाभरात होतो. हा गरम असताना सैल वाटतो, घाबरू नका, रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की सुरीने स्वच्छ कापला जातो. हा आदल्या दिवशीच करायला हवा, त्याला पर्याय नाही.

वाढायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून कापा, प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. वर बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम, आणि ज्याच्यासाठी केलाय त्याला पहिला तुकडा. पहिला तुकडा काढताना थोडा मोडतोच, म्हणून एक बारीकसा आधी काढून स्वतःसाठी ठेवा. उरलाच तर झाकून फ्रीजमध्ये ३-४ दिवस चांगला राहतो.