डिस्क बदलली की पेशी का बदलतात, हे तपासायचं कसं

लॅबमधल्या नव्या पोरांसाठी लिहितेय. हाडाच्या जागी वापरायच्या पदार्थांच्या डिस्कवर हाडाच्या पेशी वाढवायच्या आणि पदार्थाची रासायनिक रचना बदलली की त्या कशा वागतात ते बघायचं. हायड्रॉक्सिअपटाइट (हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट), बीटा-टीसीपी (ट्रायकॅल्शियम फॉस्फेट) आणि ४५एस५ बायोग्लास, एवढ्या तीन डिस्क सुरुवातीला पुरे.

तिन्ही एकाच नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. पृष्ठभाग कमी-जास्त खडबडीत राहिला तर पेशी त्यालाच प्रतिसाद देतात आणि तुम्ही श्रेय रचनेला देऊन बसता.

आता रचना. हायड्रॉक्सिअपटाइटमध्ये कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६७, टीसीपीमध्ये १.५; म्हणून टीसीपी लवकर विरघळतं. ४५एस५ ही लॅरी हेंच यांची १९६९ ची काच: वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम आणि कॅल्शियमचे ऑक्साइड प्रत्येकी २४.५, फॉस्फरसचं ६. खोड सोडियमची. काच मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, पडली की सोडियम बाहेर येतो, पाण्यातले हायड्रोजन आयन आत जातात आणि पीएच चढतो. मीटर लावायच्या आधीच प्लेटमधली वेल (पेशी वाढवायचा खळगा) सांगते: मीडियममधल्या फिनॉल रेड या पीएच दाखवणाऱ्या द्रव्याचा लालसर रंग गुलाबी-जांभळ्याकडे झुकतो. अशात पेशी मेल्या तर दोष सिलिकाला देऊ नका. डिस्क आधी एक-दोन दिवस मीडियममध्ये भिजवा, ते बदला, पीएच ७.४ च्या आसपास स्थिरावला की मगच पेशी टाका.

पेशी कुठल्या? एमजी-६३ भराभर वाढतात, पण खनिज साठवण्यात कच्च्या. त्यासाठी साओस-२ घ्या. दोन्ही हाडाच्या कर्करोगातून आलेल्या, तेव्हा शेवटचा शब्द माणसाच्या प्राथमिक, म्हणजे थेट ऊतीतून काढलेल्या, पेशींचाच.

पेशी टिकल्या का, हे पहिल्या एक-दोन दिवसांत कळतं. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे पेशी हाड घडवायच्या वाटेला लागल्याची खूण असलेलं विकर, साधारण एक-दोन आठवड्यांत, खनिज तीन-चार आठवड्यांत. पी हळद अन् हो गोरी, असं इथे चालत नाही. मीडियममध्ये अॅस्कॉर्बिक आम्ल, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि डेक्सामेथासोन लागतंच.

आणि अलिझारिन रेड, खनिज दाखवायला वापरतात तो लाल रंग. तो कॅल्शियमला चिकटतो, आणि आपल्या डिस्क कॅल्शियमच्याच! पेशी नसलेली डिस्कही लालभडक होते, मग फोटो बघून सगळे खूश. प्रत्येक रचनेची एक कोरी डिस्क त्याच मीडियममध्ये, तेवढेच दिवस ठेवा आणि तिचा आकडा वजा करा. तरीही शंका उरली तर ऑस्टिओकॅल्सिन या हाडाच्या पेशींच्या प्रथिनाचं जनुक चालू आहे का ते पीसीआरवर बघा. ते डिस्कमध्ये नसतं.