प्रागला नेपथ्य शिकायला येताय? आधी ईडिपसचा जिना समजून घ्या

1963 साली प्रागच्या ‘नारोद्नी दिवाद्लो’ने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेने, प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ‘ईडिपस’ केलं. नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेल्या आणि ते सत्य स्वतःच शोधून काढणाऱ्या राजाची ही शोकांतिका. दिग्दर्शक मिरोस्लाव्ह माखाचेक, नेपथ्य योसेफ स्वोबोदा यांचं. राजवाड्याचा देखावा नाही. ऑर्केस्ट्रा पिटपासून, म्हणजे रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यापासून, निघून वर प्रेक्षकाच्या नजरेपलीकडे जाणारा, अख्खा रंगमंच व्यापणारा एकच जिना. वादक या जिन्याखाली बसत आणि पायऱ्या अशा बांधल्या होत्या की संगीत त्यांच्यातूनच बाहेर यावं. मध्ये पुढे आलेल्या लेव्हल्सवर, म्हणजे सपाट चौथऱ्यांवर, प्रवेश घडत. शेवटी त्या लेव्हल्सही नाहीशा होत. उरायचा तो डोळे फोडून घेतलेला ईडिपस, वरून अंगावर येणाऱ्या प्रखर उजेडाच्या दिशेने एकटाच चढत जाणारा.

हा प्रयोग आज पाहायला मिळणार नाही. तरी इथे नेपथ्य किंवा दिग्दर्शन शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी या जिन्याची छायाचित्रं बघायला सांगते. शोकांतिका कुठे घडते हे ठरवणं म्हणजे ती कशाबद्दल आहे हे ठरवणं, ही इथल्या नाट्यशिक्षणाची जवळजवळ पहिली अट आहे आणि ती या जिन्यात उघड दिसते. शोधत शोधत सत्याकडे चढणारा माणूस प्रत्येक पायरीवर स्वतःच्या नाशाजवळ जातो. हे कोणी बोलून दाखवत नाही, नटाचे पाय ते दाखवतात.

सुरुवातीला मला मिळालेला सर्वांत उपयोगी अभ्यास म्हणजे असाच जिना स्वतः कागदावर उभा करणं. तुम्हीही करून पाहा. घरातल्या जिन्याची पायरी साधारण 15 ते 18 सेंटिमीटर उंच असते. 16 सेंटिमीटर उंची आणि 32 सेंटिमीटर रुंदी धरली, तर सहा मीटर वर जायला 38 पायऱ्या लागतात आणि रंगमंचाची 12 मीटर खोली खर्ची पडते. मग प्रश्न सुरू होतात. नट खाली न बघता धावत उतरू शकेल का? कोरसचे लोक उभे राहिले तर मागच्यांचे चेहरे झाकले जातील का? शेवटच्या बाल्कनीतल्या प्रेक्षकाला जिन्याचा वरचा भाग दिसेल, की प्रोसिनियमची, म्हणजे रंगमंचाच्या दर्शनी चौकटीची, वरची कड आड येईल? यांची उत्तरं वरून काढलेल्या प्लॅनमध्ये मिळत नाहीत. त्यासाठी उभा छेद काढावा लागतो आणि प्रमाणात मॉडेल करून त्यात पुठ्ठ्याचा माणूस उभा करावा लागतो. इथे मॉडेलशिवाय कोणी तुमची कल्पना ऐकूनच घेत नाही आणि मला ते फार योग्य वाटतं.

आपल्याकडून येणाऱ्यांना एक फरक समजायला वेळ लागतो. मराठी व्यावसायिक नाटकाचा सेट ट्रकमध्ये बसला पाहिजे, नव्या गावात दोन-तीन तासांत उभा राहिला पाहिजे. त्या शिस्तीतून आपलं नेपथ्य घडलंय आणि ती शिस्त मोलाची आहे. प्रागची मोठी नाट्यगृहं रेपर्टरी पद्धतीने चालतात. नटसंच कायमचा, कार्यशाळा स्वतःची. आज हे नाटक, उद्या दुसरं, आणि एकच नाटक महिन्यात काही वेळा, कधी कधी वर्षानुवर्षं. त्यामुळे नेपथ्यकार तालमींच्या बराच आधी दिग्दर्शकाबरोबर बसतो. सोबत द्रामातुर्ग असतो. संहितेची निवड, अनुवाद, काटछाट, संदर्भ हे सगळं सांभाळणारा हा माणूस नाट्यगृहाच्या नोकरीत असतो. त्याच्याशी ओळख वाढवा. त्याच्याशी झालेल्या गप्पांतून मी जे शिकले, ते वर्गात मिळालं नसतं.

स्वोबोदा यांचं दुसरं काम बघायचं तर 1965 च्या ब्रसेल्समधल्या ‘हॅम्लेट’ची छायाचित्रं बघा. दिग्दर्शक ओटोमार क्रेयचा. वर तिरका लावलेला प्रचंड आरसा आणि बापाचं भूत म्हणजे त्यात दिसणारं हॅम्लेटचंच प्रतिबिंब. एका आरशाने नाटकातला सर्वांत अवघड प्रश्न सोडवला, असं माझं ठाम मत आहे. याच क्रेयचांनी 1965 मध्ये प्रागमध्ये ‘दिवाद्लो झा ब्रानोउ’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. 1968 च्या सोव्हिएत आक्रमणानंतरच्या राजवटीने ती 1972 मध्ये बंद केली. हा इतिहास वाचल्याशिवाय इथल्या प्रेक्षकाला शोकांतिकेतला जुलमी राजा कसा दिसतो ते कळणार नाही. क्रेयचांच्या 1963 च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये रोमिओ झालेला यान त्र्शीस्का 1977 मध्ये देश सोडून गेला. 2002 मध्ये तो प्रागच्या किल्ल्यातल्या उन्हाळी शेक्सपिअर महोत्सवात परतला, तो लिअर म्हणून. ‘नटसम्राट’ पाहत मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नाटकं बघताना भाषेची भीती बाळगू नका. बऱ्याच प्रयोगांना इंग्रजी उपशीर्षकं असतात. पण त्यांच्यावर विसंबून बसलात तर डोळे पाटीवरच राहतात आणि रंगमंच सुटतो. शोकांतिका आधी मराठीत वाचून जा. ईडिपससाठी पुलंचं ‘राजा ओयदिपौस’ आहेच. एकच प्रयोग पुन्हा बघा: एकदा गोष्टीसाठी, एकदा फक्त उजेडासाठी. स्वोबोदांनी कमी व्होल्टेजच्या दिव्यांची रांग वापरून उजेडाचा पडदा उभा केला. त्या दिव्यांना जगभरचे प्रकाशवाले आजही ‘स्वोबोदा’च म्हणतात. आणि हो, कोट आणि सॅक क्लोकरूममध्ये ठेवायला थोडं आधी पोहोचा.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. प्रागला ‘दामु’ आणि ब्रनोला ‘यामु’ या नाट्यशिक्षणाच्या दोन मुख्य जागा. सरकारी विद्यापीठांत चेक माध्यमातून शिकलात तर परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षणशुल्क नसतं, इंग्रजी अभ्यासक्रमांना असतं. म्हणून वर्षभर आधी चेक शिकायला लागणं पैशांच्या दृष्टीनेही शहाणपणाचं. आधीच्या पदवीला तिथली मान्यता घ्यावी लागते आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा कागदपत्रं लवकर हलवा. निवड कौशल्यचाचणीवर होते. पोर्टफोलिओत वीस नाटकांची सुंदर चित्रं भरू नका. एकच शोकांतिका घ्या. तिचे उभे छेद, मॉडेलचे फोटो, फसलेले पर्याय आणि ते का सोडले याच्या टिपा, एवढं द्या. मुलाखतीत प्रश्न त्या सोडलेल्या पर्यायांवरच येतात.