दहा बाय बाराच्या परड्यात पर्माकल्चर

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मांडलेलं पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रीतीनं शेती-बाग आखायचं शास्त्र, एकरांच्या हिशेबाचं वाटतं, पण कोल्हापुरातल्या घरामागच्या परड्यातही बसतं.

आधी न्हाणीचं पाणी कुठं जातं ते बघा. त्या तोंडाशी दोन फूट खोल, दोन-तीन फूट रुंद खड्डा काढा, पालापाचोळ्यानं गच्च भरा, काठावर एक केळ आणि चार अळूचे कंद लावा. अंघोळीचं पाणी चालतं, धुण्याच्या पावडरचं नको. पाचोळा खाली बसेल तसा वरून घालत राहायचा. पावसाळ्यात मात्र पाणी गटारीकडं वळवा, नाहीतर डबकं होऊन डास होतात.

बाकी मातीवर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. आपल्याकडं पाहुण्यांच्या रानात ते पेटवून देतात, त्याआधी दोन पोती मागून आणायची. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. जून-जुलैत थर पातळ करा. ओल्या पाचटाखाली गोगलगायी लपतात आणि रात्रीत मिरचीची रोपं फस्त करतात.

कोथिंबीर, गवती चहा स्वयंपाकघराच्या दाराशीच. लांब लावलेली कोथिंबीर कोण खुडायला जातंय?